जसं आलं तसं पुढे

सोसायटीत सेक्रेटरी निवडून येतो, खजिनदाराला गळ घालावी लागते आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनचा मात्र बळी दिला जातो. माझा बळी वार्षिक सभेत, चहा आणि वेफर्स यांच्या मधल्या वेळेत दिला गेला. "हे कॉम्प्युटरमध्ये आहेत," असं कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या. मी एका औषध कंपनीच्या हिशेब खात्यात आहे. हिशेब कॉम्प्युटरवर करतात, एवढंच माझं आणि कॉम्प्युटरचं नातं. पण डोंबिवलीत ज्याच्या टेबलावर मॉनिटर आहे तो 'कॉम्प्युटरमध्ये' असतो, आणि कॉम्प्युटरमध्ये असलेल्या माणसाला टीव्हीचा रिमोट, आधारचा ओटीपी, लिफ्टचं बटण आणि वेळप्रसंगी गिझरही कळलाच पाहिजे, असा इथला रिवाज आहे.

ग्रुपचं नाव 'फक्त सोसायटीच्या कामासाठी'. नाव मीच ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ग्रुपवर सूर्य उगवला. खाली तळं, तळ्यात कमळ, कमळावर दव आणि दवावर 'शुभ सकाळ'. पाठोपाठ बी विंगमधून दुसरा सूर्य उगवला. सात वाजेपर्यंत इतके सूर्य उगवले, की फोन हाताला गरम लागायला लागला.

२०१८ च्या जानेवारीत एक बातमी गाजली होती. भारतातले फोन सारखे का अडकतात याचा शोध घेताना गुगलच्या माणसांना या 'गुड मॉर्निंग'च्या चित्रांचा ढीग सापडला. फोनमधली जागा तीच खात होती. ती हुडकून पुसून टाकायची सोय मग त्यांनी एका अ‍ॅपमध्ये केली. मोठमोठे इंजिनियर आमच्या कमळांपायी डोकं खाजवत बसले, याचा मला अभिमान वाटला. मी बातमी ग्रुपवर टाकली. ब्रेकिंगकाकांनी 'अत्यंत उपयुक्त माहिती' असं लिहिलं आणि खाली सूर्यफुलाचं चित्र चिकटवलं.

ब्रेकिंगकाका तळमजल्यावर राहतात. पूर्वी टपाल खात्याच्या आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, सॉर्टिंगला होते. लोकांची पत्रं न उघडता ज्या त्या खणात टाकायची, हे काम त्यांनी नोकरीभर इमानेइतबारे केलं. निवृत्त झाले तरी हाताची सवय गेली नाही. खणांच्या जागी ग्रुप आले, एवढाच फरक. फोन हातभर लांब धरायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि स्क्रीन सरकवण्याआधी तर्जनी जिभेला लावायची. ओल्या बोटाला फोन दाद देत नाही. मग बोट खांद्यावरच्या पंच्याला पुसायचं आणि पुन्हा ओलं करायचं.

"काका, हे तुम्ही वाचलंत का?" मी एकदा विचारलं.

"मी कशाला वाचू? तुला पाठवलंय ना, तू वाच!"

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. अफवांना आळा बसावा म्हणून. त्या संध्याकाळी काका फोन घेऊन माझ्या दारात. "अरे, हा पाचाच्या पुढे जाईना. बॅटरी बदलू का?" मी त्यांना अफवा म्हणजे काय, त्या कशा पसरतात, त्यातून काय अनर्थ होतात, हे सगळं नीट समजावून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि घरी जाऊन आपल्या ग्रुपांचे पाच-पाचाचे गठ्ठे बांधले. तेव्हापासून सकाळी पहिली डाक निघते, जेवण झाल्यावर दुसरी आणि संध्याकाळी दिवा लावून झाला की तिसरी.

पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, फार ठिकाणी फिरून आलेल्या मजकुरावर दोन बाणांची खूण दिसायला लागली. हा मजकूर बऱ्याच हातांतून आलाय, जरा जपून, असा तिचा अर्थ. काकांनी तिचा अर्थ हॉलमार्क असा लावला. "दोन बाण आहेत म्हणजे खात्रीचा माल," ते मलाच समजावायला लागले. "एवढ्या लोकांनी पाठवलंय, ते सगळे काय वेडे?" एप्रिल २०२० मध्ये दोन बाणांचा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा आणखी कडक नियम आला. त्याने तर त्या बाणांची पत फारच वाढली. ज्याच्यावर रेशन लागतं ती वस्तू चांगलीच असणार! पाचाच्या मर्यादेनंतर जगभरातले फॉरवर्ड पाव हिश्शाने घटल्याचं कंपनीने सांगितलं होतं. घटले असतील. डोंबिवली पश्चिम त्यात धरली नसावी.

अ‍ॅडमिनपदाचं वारं काही दिवसांनी माझ्याही अंगात शिरलं. ग्रुपवर एकही खोटी बातमी राहू द्यायची नाही, असा मी पण केला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लोक डबा खायचे, मी खातरजमा करायचो. भाजी गार व्हायची, पण सत्य गरमागरम ग्रुपवर पडायचं.

'जन गण मन'ला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलंय, ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपचा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून ईमेलवर हिंडते आहे. आमच्याकडे ती दर १५ ऑगस्टला नव्याने येते. मी लिहिलं, "युनेस्को असला काही निकाल देत नाही." तीन मिनिटं सामसूम. मग वरच्या मजल्यावरून प्रश्न आला, "तुम्हाला राष्ट्रगीताचा अभिमान नाही का?" मी लिहिलं, "आहे." उत्तर आलं, "मग प्रॉब्लेम काय आहे?" याला मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांची नवी नोट आली तेव्हा तिच्यात चिप आहे, ती जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला दिसते, अशी बातमी फिरली. अशी काही चिप नसल्याचं रिझर्व्ह बँकेने सांगितलं. पण बँकेच्या खुलाशाला कुठे बाण असतात? बी विंगमधल्या काकूंनी आपल्याकडच्या नोटा पोळ्यांच्या फॉइलमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवल्या. "उपग्रह काय, आमच्या ह्यांनासुद्धा दिसल्या नाहीत," असं त्या अजून सांगतात. मे २०२३ मध्ये ती नोटच चलनातून मागे घेत असल्याची घोषणा झाली. काकू फॉइल सोडवत बँकेच्या रांगेत उभ्या राहिल्या.

या काकूंना आम्ही अंगठेकाकू म्हणतो. ग्रुपवर काहीही येवो, पहिला अंगठा त्यांचा. वाढदिवसाला अंगठा, मेंटेनन्सच्या थकबाकीला अंगठा, 'लिफ्टमध्ये अडकलोय, कुणी आहे का' यालाही अंगठा. अडकलेला माणूस बाहेर आल्यावर जाब विचारायला गेला, तर म्हणाल्या, "अरे, बघितलं म्हणून कळवलं!"

सगळ्यात चढाओढ असते ती दुःखद बातमीत. एका ज्येष्ठ नटांच्या निधनाची बातमी रात्री साडेदहाला काकांनी टाकली. अकरापर्यंत श्रद्धांजल्यांचा ढीग पडला. कुणी त्यांचं नाटक शिवाजी मंदिरला पहिल्या रांगेत बसून पाहिलं होतं, कुणाच्या मामेभावाच्या लग्नात ते जेवून गेले होते. 'एका युगाचा अंत' तीन जणांनी स्वतंत्रपणे लिहिलं. अंगठेकाकूंचा अंगठा होताच. साडेअकराला मला शोध लागला, की गृहस्थ ठणठणीत आहेत आणि त्यांच्या घरच्यांनी तसं कळवलंही आहे. मी ते ग्रुपवर टाकलं. आनंद व्हावा, तसा काही कुणाला झालेला दिसला नाही.

"मग आता श्रद्धांजली परत कशी घ्यायची?" तिसऱ्या मजल्यावरून विचारणा झाली.

"कशाला घ्यायची परत?" ब्रेकिंगकाकांनी लिहिलं. "असू दे तिथेच. आज ना उद्या लागेलच."

बातम्या अशा घाईघाईने येतात, त्यांवरची मतं मात्र आधीच तयार असतात. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरत होतं तेव्हा इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एकाच वेळी ८० लाखांहून जास्त लोक डोळे लावून बसले होते. इस्रोचे शास्त्रज्ञ श्वास रोखून गप्प होते. आमचा ग्रुप बोलत होता. "वेग जास्त वाटतोय." "आता डावीकडे घ्यायला पाहिजे." हे लिहिणाऱ्या गृहस्थांना खालच्या पार्किंगमध्ये गाडी लावताना दोन माणसं हात दाखवायला लागतात. यान उतरलं आणि लगेच काकांनी चंद्राच्या मातीवर उमटलेल्या राजमुद्रेचा ठसठशीत फोटो पाठवला. तो ठसा उमटवणारा रोव्हर तेव्हा अजून लँडरच्या पोटातून बाहेरही पडला नव्हता. ते एका कलाकाराचं कल्पनाचित्र होतं. मी तसं लिहिलं. काका म्हणाले, "अरे, आज नाही तर उद्या उमटेल. मी आधी पाठवला, एवढंच."

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीने सुरक्षेसाठी पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडून बसले. विमानं खोळंबली, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यायची वेळ आली. त्या पासाचा फोटो ग्रुपवर आला मात्र, आमच्या सेक्रेटरींना सात पिढ्यांचा न्याय मिळाल्यासारखं झालं. मेंटेनन्सची पावती ते अजूनही हाताने, कार्बन घालून फाडतात, आणि त्यावरून तरुण मंडळी त्यांना दर सभेत टोचतात. त्यांनी तो फोटो आणि आपलं पावतीपुस्तक शेजारी शेजारी ठेवून टाकलं आणि खाली लिहिलं, "जगाला उशिरा कळतं." सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला त्या दिवशी काही म्हणजे काहीच झालं नाही. गणपतीत कुणीतरी त्याची वायर लायटिंगसाठी नेली, ती परत आलेली नाही.

मार्च २०२५ मध्ये एआयची लाट आली आणि आठवड्याभरात अख्खी सोसायटी जपानी स्टुडिओ घिबलीच्या कार्टूनमध्ये राहायला गेली. मोठे डोळे, गुलाबी गाल, मागे हिरवीगार टेकडी. आमच्या मागे खरं तर कंपनीचं गोडाऊन आहे. सेक्रेटरींना चित्रात केस परत मिळाले. त्यांनी तो डीपी अजून बदललेला नाही. मग याच एआयला पत्रं लिहिता येतात असा शोध लागला. पार्किंगवरून चौथ्या मजल्याने सेक्रेटरींना तक्रार पाठवली. 'महोदय, सहजीवनाच्या मूल्यांना तडा देणाऱ्या या घटनेकडे मी आपले नम्रपणे लक्ष वेधू इच्छितो.' एरवी हा गृहस्थ 'ओ, गाडी काढा' याच्या पुढे बोलत नाही. सेक्रेटरींचं उत्तर त्याहून लांब, मुद्द्यांना क्रमांक घातलेलं. त्याला प्रत्युत्तर, त्याला खुलासा. मी धसकलो, म्हटलं आता प्रकरण निबंधकांकडे जाणार. समजूत घालायला खाली उतरलो तर दोघं बाकावर शेजारी बसून एकाच पुडीतले शेंगदाणे खात होते. "भांडण कुठवर आलं?" मी विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, "काय की! याने काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही. मशीनला दिलं उत्तर द्यायला."

"मीही नाही वाचलं," चौथा मजला म्हणाला. "पण तुमचं उत्तर छान होतं म्हणे. काकूंचा अंगठा आलाय."

हा ग्रुप एकदाच गप्प झाला, ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री. नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदमच बंद पडलं. साडेनऊला माझ्या दारावर पहिली थाप. "ग्रुप बंद केलास का?" पावणेदहापर्यंत जिन्यात सभा भरली. प्रत्येकाने आपापला मोडेम बंद करून चालू केला होता. एकाने खबरदारी म्हणून फ्रिजसुद्धा. मास्क हनुवटीवर ओढून जो तो आपला फोन वर धरून रेंज शोधत होता. अंगठेकाकूंचं निदान झालेलं होतं. "पितृपक्षात असंच होतं. सर्वपित्रीपर्यंत काही खरं नाही." बातमी कळल्यावर पटकन सगळ्यांना कळवायची, तर कळवायची कशावर? ब्रेकिंगकाका जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. 'व्हॉट्सअ‍ॅप बंद' ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी ब्रेकिंग न्यूज, आणि ती टाकायला व्हॉट्सअ‍ॅप नाही! शेवटी ते प्रत्येक मजल्यावर जाऊन दार वाजवून सांगून आले. लिफ्टने गेले, पण पाचच मजले केले. सवय!

पुढे कळलं ते असं. कंपनीच्या इंजिनियरांनी आपलं जाळं तपासताना एक आज्ञा चुकीची दिली आणि त्यांची सगळी डेटा सेंटर्स जगापासून तुटली. कंपनीची आतली यंत्रणाही त्याच जाळ्यावर चाले. त्यामुळे दुरुस्तीला गेलेल्या माणसांना आत शिरायलाच वेळ लागला. सगळं मार्गी लागायला जवळपास सहा तास गेले. सकाळी उठून बघतो तर रात्रभर तुंबलेले सूर्य एकदम उगवले होते. त्यांच्या मध्ये काकांचा मजकूर. 'कालच्या बंदमागचं खरं कारण, जे कुठलाही चॅनल सांगणार नाही.' वर दोन बाण. व्हॉट्सअ‍ॅपला परत येऊन दोन-अडीच तास झाले असतील नसतील, तेवढ्यात हा मजकूर इतक्या हातांतून फिरून आला कसा, हे फक्त आरएमएसवालेच सांगू शकतील.

एआयच्या पत्रव्यवहारानंतर मात्र मी वैतागलो आणि ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकेल अशी जी सोय असते ती लावून टाकली. पहिले दोन तास स्वर्ग. तिसऱ्या तासाला बेल वाजली. काका. "एवढं टाक रे ग्रुपवर." त्यांच्या मागे बी विंग. "माझंपण. शुभ सकाळ आहे, शिळं होईल." संध्याकाळपर्यंत माझ्या चपलांच्या स्टँडपाशी रांग लागली. आमची ही आधी सगळ्यांना पाणी विचारत होती, मग चहा, मग मला विचारायला लागली, "हे कधीपर्यंत चालायचं?" काकांकडे पाच मजकूर होते. तीन खोटे, एक जुना आणि एकात नुसतं 'टेस्टिंग' लिहिलेलं. मी खरा निवडून टाकू लागलो, तर टाकायला काही उरेना. "माझंच का नाही टाकलंस?" यावरून दोन घरांनी माझ्याशी बोलणं सोडलं. दसऱ्याला सोनं द्यायला कुणी येईना, तेव्हा मी ती सोय काढली. वाहतूक पूर्ववत सुरू झाली.

त्यानंतर आली टाकी धुण्याची वेळ. सेक्रेटरींनी कागद दिला, मी तो स्वतः टाइप केला. 'उद्या सकाळी सहा ते दुपारी दोन गच्चीवरची टाकी धुण्यासाठी पाणी बंद राहील. कृपया रात्रीच भरून ठेवावे.' ग्रुपच्या नावाला जागणारा, शंभर टक्के खरा, सही-शिक्क्याचा मजकूर. अंगठेकाकूंचा अंगठा आला. पाठोपाठ बाकीच्यांचे आले. 'धन्यवाद अ‍ॅडमिन' आलं, जोडलेले हात आले, कुणी टाळ्याही पाठवल्या. मी समाधानाने झोपलो. आमच्या हिने मात्र बादल्या भरल्या. ती ग्रुपवर नाही.

सकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात अर्धी सोसायटी. एकाच्या दाढीला फेस, एकीच्या केसांना शिकेकाई, एका प्राध्यापकांच्या हातात कोरडा टूथब्रश. सगळ्यांत पुढे ब्रेकिंगकाका, पंचा गुंडाळलेले, हातात रिकामा तांब्या.

"पाणी बंद होणार हे कळवायला नको का ग्रुपवर?"

मी न बोलता फोन पुढे केला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन हातभर लांब धरला, बोट जिभेला लावलं आणि माझा मजकूर वरपासून खालपर्यंत, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, अक्षर न् अक्षर वाचला.

"हा होय!" ते म्हणाले. "हा मी काल पाहिला होता. पण याच्यावर दोन बाण कुठे आहेत? मला वाटलं, तू आपला मनानेच लिहिलायस."